कळसचा माळ आणि कर्नल साईक्स

बारामती आणि इंदापूर या दोन गावांची नावं घेतली, की डोळ्यांपुढे उसाचे फड, डाळिंबाच्या बागा आणि साखर कारखान्यांची धुराडी येतात. पण या दोन तालुक्यांमध्ये पाटाचं पाणी जिथं पोचलं नाही, तिथं जमिनीचं रूप अगदी वेगळं आहे. कळस, कडबनवाडीच्या बाजूला गेलं तर मुरमाड उतार, गुडघाभर वाळलेलं गवत, मधूनच एखादी बाभूळ किंवा बोर, आणि मेंढरांमागे चाललेला धनगर, एवढंच नजरेला पडतं. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. नवखा माणूस म्हणेल, इथं आहे काय?

इथं बरंच काही आहे. पहाटे लवकर गेलात आणि नशिबानं साथ दिली, तर गवतातून मान वर काढून बघणारा चिंकारा दिसतो. दूरवर रांगेनं चाललेले लांडगे दिसतात. पायाखालून भर्रकन लावरी उडतात. डोक्यावर छोटा तुरा मिरवणारा तांबूस चंडोल हवेत चढत गात राहतो. आता या चौघांमध्ये एक गंमत आहे. जगातल्या प्रत्येक प्राण्याला शास्त्रज्ञांनी एक लॅटिन धाटणीचं नाव दिलेलं असतं, आणि ज्यानं त्या प्राण्याचं वर्णन सर्वप्रथम छापलं, त्याचं आडनाव आणि ते वर्ष त्या नावामागे लिहायची पद्धत आहे. चिंकाऱ्याचं नाव गॅझेला बेनेटी, त्यामागे लिहितात, साईक्स, १८३१. आपल्याकडच्या लांडग्याला म्हणतात कॅनिस ल्युपस पॅलिपिस, त्याच्याही मागे साईक्स, १८३१. लावरीचं नाव पर्डिक्युला अर्गूंडा, साईक्स, १८३२. आणि चंडोलाचं गॅलेरिडा देवा, तिथंही साईक्स, १८३२.

हा साईक्स कोण? प्राणिशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी होता, पेशव्यांविरुद्ध लढलेला. पुढे तो कंपनीचा संचालक आणि अध्यक्ष झाला, आणि आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद होता. तलवार, वही आणि राजकारण असे तीन टप्पे असलेलं हे आयुष्य आहे. त्यातला मधला टप्पा आपल्या मुलखात गेला. तोच टप्पा आज आपल्या उपयोगाचा आहे. कसा, ते आपण पाहू.

विल्यम हेन्री साईक्स याचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातला. १८०३ साली, म्हणजे वयाच्या तेराव्या वर्षी, कंपनीच्या फौजेत त्याची उमेदवारी नोंदवली गेली. आज आपली मुलं ज्या वयात आठवीत असतात, त्या वयात तेव्हा इंग्रज घरांतली मुलं हिंदुस्थानच्या वाटेला लागत. १८०५ साली लॉर्ड लेकनं भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, त्या मोहिमेत हा पोरगा होता. पुढे तो इथल्या भाषा शिकला आणि दख्खनच्या फौजेत दुभाषा म्हणून काम करू लागला. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची आणि पाठोपाठ पुण्याची लढाई झाली, दुसऱ्या बाजीरावाला पुणं सोडावं लागलं. त्या दोन्ही लढायांत साईक्स देशी शिपायांबरोबर मैदानात होता. नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या कामातही तो होता. ज्या राज्याच्या शेवटावर आपल्याकडे हळहळ व्यक्त होते, ते राज्य बुडवणाऱ्या हातांत याचाही हात होता, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

राज्य जिंकलं, पण ते चालवायचं कसं? पेशवाईचे कागद होते, पण नव्या राज्यकर्त्यांना ते पुरेसे उलगडत नव्हते. गावं किती, माणसं किती, विहिरी किती, कोणत्या जमिनीत काय पिकतं, मजुराला दिवसाकाठी काय मिळतं, हे ठाऊक असल्याशिवाय कर बसवणार कसा? मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना याची चांगली जाण होती. त्यांनी ऑक्टोबर १८२४ मध्ये साईक्सला मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तांतकार नेमलं. सांख्यिकी हा शब्द आज कॉलेजातली मुलं सहज वापरतात. त्या काळी ती विद्या युरोपातसुद्धा नवीनच होती. साईक्सच्या वाट्याला पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार मोठे जिल्हे आले. आजच्या हिशोबानं बघितलं तर पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्राचा मोठा भाग आणि कर्नाटकाचा वरचा पट्टा.

सहाएक वर्षं हा माणूस या मुलखात तंबू ठोकत हिंडला. लोकसंख्या मोजली, पिकं आणि वजनमापं लिहिली, जमीनधारणेच्या पद्धती विचारून घेतल्या. मिरासदार म्हणजे कोण आणि उपरी म्हणजे कोण, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क काय, बलुतं कसं चालतं, याच्या नोंदी केल्या. दख्खनच्या जमीनधारणेवर त्याचा लेख १८३५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. पाठोपाठ चार जिल्ह्यांच्या आकडेवारीचा मोठा अहवालही छापून निघाला.

तंबूत एक वायुभारमापकही असायचा. हवेचा दाब तो पुन्हा पुन्हा बघून लिहून ठेवायचा. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चढलेला, दुपारी चार-पाचला उतरलेला, रात्री पुन्हा चढलेला, पहाटे पुन्हा उतरलेला. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी ही हवेची भरती-ओहोटी. हे निबंधरूपानं १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापलं. त्याआधी वर्षभर, १८३४ साली, तिनं साईक्सला सभासद करून घेतलं होतं.

आता येऊ प्राणी-पक्ष्यांकडे. सरकारनं माणसं आणि पिकं मोजायला सांगितलं होतं, यानं जनावरंही मोजली. १८३१ साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी आणि १८३२ साली पक्ष्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीत सादर झाली. पक्ष्यांच्या यादीत दोनशेहून अधिक जाती होत्या आणि त्यातल्या ५६ जाती शास्त्राला नव्या म्हणून त्यानं मांडल्या. सगळ्या काही नव्या ठरल्या नाहीत, पण बऱ्याच टिकल्या. तळ्याकाठी गुडघाभर पाण्यात चिडीचूप उभा राहणारा आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र दिसणारा वंचक, म्हणजेच ढोकरी, शास्त्रात साईक्सच्या नावावर आहे. आपल्या बागेतल्या कुंपणावर शेपटी उडवत टिवटिवणारा राखी वटवट्या, तोही साईक्सच्याच नावावर. पुढे माशांची पाळी आली. भीमा, मुळा-मुठा अशा नद्यांतल्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला.

या याद्या चाळताना मराठी वाचकाला एका गोष्टीचं विशेष वाटतं. प्राण्याच्या नावाबरोबर साईक्स मराठी माणसं त्याला काय म्हणतात तेही लिहितो. लांडग्याला लांडगा. चिंकाऱ्याला काळशिपी, म्हणजे काळ्या शेपटीचा. रानकुत्र्याला कोळसून, खोकडाला कोकरी. इतकंच नव्हे, काही वेळा त्यानं हे शब्द सरळ शास्त्रीय नावातच बसवले. नदीतला शिंगटी मासा शास्त्रात मिस्टस सींगटी झाला. महसीर माशाच्या दख्खनी जातीला त्यानं खुदरी हे नाव दिलं आणि आज जगभरचे मत्स्यतज्ज्ञ टॉर खुदरी असंच म्हणतात. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून त्या जातीचं वर्णन झालेलं आहे. एका रातव्याला त्यानं नाव दिलं मराटेन्सिस, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. चंडोलाला देवा, एका छोट्या वटवट्याला रामा.

आणि एका धोब्याला नाव दिलं भीमा. हिवाळ्यात आपल्या नदीकाठी आणि ओल्या शेतांत पिवळ्या पोटाचे, शेपटी सतत वरखाली करणारे धोबी येतात. त्यांतल्या निळसर डोक्याच्या एका पोटजातीचं शास्त्रीय नाव मोटॅसिला फ्लाव्हा बीमा असं आहे. हा पक्षी उन्हाळ्यात रशिया आणि कझाकस्तानच्या गवताळ मैदानांवर वीण करतो. तिथला पक्षिनिरीक्षकसुद्धा आपल्या वहीत बीमा असं लिहितो. ती नदी इंदापूर तालुक्याच्या कडेनं वाहते आणि नीरा-नरसिंगपूरला नीरेला भेटते, हे त्याला कदाचित माहीत नसेल. आपल्याला तरी कुठं माहीत होतं, की आपली नदी पाखराच्या पंखांवर बसून सैबेरियापर्यंत गेली आहे?

नावांच्या बाबतीत आणखी एक किस्सा सांगण्याजोगा आहे. ज्या एल्फिन्स्टनसाहेबांनी त्याचं पद निर्माण केलं, त्यांचं नाव साईक्सनं सह्याद्रीच्या दाट जंगलातल्या एका देखण्या रानपारव्याला दिलं. शेकरूलाही दिलं, जे आज महाराष्ट्राचं राज्यप्राणी आहे. पुढे एल्फिन्स्टन गेले आणि सर जॉन माल्कम गव्हर्नर झाले. काटकसरीचं वारं सुटलं आणि डिसेंबर १८२९ मध्ये सांख्यिकी वृत्तांतकाराचं पदच रद्द झालं. साईक्सनं परवानगी काढून उरलेली गणती पूर्ण केली आणि १८३१ च्या आरंभी मायदेशाची वाट धरली. तरीही त्यानं माल्कमसाहेबांचं नाव एका पक्ष्याला दिलंच. तो पक्षी म्हणजे मोठा राखी सातभाई. टोळीनं हिंडणारा आणि अखंड कलकलाट करणारा! यात आदर किती आणि चेष्टा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

इथं एक प्रश्न विचारायला हवा. साईक्सला ही नावं सांगितली कुणी? खोकड कुठल्या बिळात असतं, खुदरी कोणत्या डोहात सापडतो, काळशिपी कोणत्या वेळी बाहेर पडते, हे तंबूतल्या साहेबाला आपोआप कळणार नव्हतं. नदीकाठचे कोळी आणि भोई, रानातले पारधी, माळावरचे धनगर, बरोबरचे शिपाई आणि नोकर यांच्याकडूनच ते ज्ञान येणार. शास्त्रीय नावांत गव्हर्नर आले, लंडनच्या सोसायटीचे चिटणीस बेनेट आले, पण खुदरी पकडून आणणारा कोळी आला नाही. त्याचा शब्द आला, नाव मात्र आलं नाही. त्या काळच्या सगळ्याच पाश्चात्य निसर्गविद्येची ही रीत होती. तरीसुद्धा इतरांनी जिथं शब्दही टाकून दिला, तिथं साईक्सनं तो जपला, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. शब्द राहिला म्हणून आज आपण तो सांगणाऱ्या माणसापर्यंत निदान अंदाजानं तरी पोचू शकतो.

आता आयुष्याचा तिसरा टप्पा. १८३३ साली साईक्स कर्नलच्या हुद्द्यानं निवृत्त झाला. वय अवघं त्रेचाळीस. हिंदुस्थानातून परतलेले बरेचसे अधिकारी तिकडे घर घेऊन, निवृत्तिवेतनावर सुखानं राहत. साईक्सनं मात्र आकड्यांचं वेड सोडलं नाही. १८३४ साली लंडनमध्ये सांख्यिकी सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता आणि १८६३ ते १८६५ या काळात तिचा अध्यक्षही झाला. १८५८ साली रॉयल एशियाटिक सोसायटीचं अध्यक्षपद त्याच्याकडे आलं. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून गेला. हे मंडळ म्हणजे चोवीस संचालकांचं, आणि त्यांना निवडून देत ते कंपनीचे भागधारक. हिंदुस्थानच्या कोट्यवधी माणसांचा कारभार लंडनमधल्या काही भागधारकांनी निवडलेली चोवीस माणसं बघत होती, हे आज ऐकताना नवल वाटतं, पण १८५३ पर्यंत अशीच व्यवस्था होती. १८५६ साली साईक्स या मंडळाचा अध्यक्ष झाला.

संचालक असतानाच त्याला पार्लमेंटची ओढ लागली. १८४७ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरातून उभा राहिला आणि हरला. दहा वर्षांनी, १८५७ मध्ये, त्याच शहरातून उदारमतवादी पक्षातर्फे निवडून आला. त्यानंतर १६ जून १८७२ रोजी मृत्यू येईपर्यंत ती जागा त्याच्याकडेच राहिली.

वर्ष कोणतं, ते लक्षात आलं ना? १८५७. तो निवडून आला आणि थोड्याच दिवसांत मीरत, दिल्ली, कानपूर, लखनौ पेटलं. उठाव मोडून काढल्यानंतर लंडनमध्ये वाद सुरू झाला, की कंपनीचं राज्य काढून घेऊन ते राणीच्या सरकारकडे द्यावं की नाही. साईक्स उभा राहिला तो कंपनीच्या बाजूनं. आपल्या दृष्टीनं ती काही अभिमानाची बाजू नव्हे. पण त्याच्यासारख्या जुन्या कंपनीवाल्यांचा मुद्दाही समजून घेतला पाहिजे. ज्यांनी निम्मं आयुष्य हिंदुस्थानात काढलं त्यांच्या हातून कारभार काढून, ज्यांनी तो देश पाहिलाही नाही अशा मंत्र्यांच्या हाती तो द्यायचा का, असा तो वाद होता. त्यात साईक्सची बाजू हरली. ऑगस्ट १८५८ मध्ये कायदा झाला आणि राज्य राणीकडे गेलं.

चीनच्या प्रश्नावर मात्र हाच माणूस वेगळा दिसतो. तिकडे १८५० पासून तायपिंग बंडानं मांचू बादशाही हादरवली होती. ब्रिटिश सरकार बादशहाच्या मदतीला सरसावलं. तेव्हा साईक्सनं पार्लमेंटमध्ये आणि वर्तमानपत्रांत लिहून सारखं सांगितलं, की दुसऱ्या देशातल्या यादवीत आपण पडू नये, तटस्थ राहावं. १८६३ साली त्यानं या विषयावर पुस्तकही काढलं. त्याचं कुणी ऐकलं नाही. पण सत्ताधारी उदारमतवादी सरकारच्या धोरणाविरुद्ध त्याच पक्षाचा सभासद ठामपणे उभा राहिला, याची नोंद राहिली.

दख्खनच्या तंबूतला वायुभारमापकही त्याला विसरला नव्हता. उंचावर हवा कशी बदलते, हे तपासण्यासाठी ब्रिटिश असोसिएशननं फुग्यातून माणसं वर पाठवली, त्या समितीचं अध्यक्षपद कर्नल साईक्सकडे होतं. ५ सप्टेंबर १८६२ रोजी ग्लेशर आणि कॉक्सवेल हे दोघे एकोणतीस हजार फुटांच्याही वर गेले. ग्लेशर बेशुद्ध पडला, कॉक्सवेलचे हात थंडीनं बधिर झाले आणि त्यानं दातांनी दोरी ओढून फुगा खाली आणला. भीमेच्या खोऱ्यात तंबूत सुरू झालेलं कुतूहल असं आभाळापर्यंत गेलं.

तर असं हे आयुष्य. याचा हिशोब कसा मांडायचा? एक गोष्ट उघड आहे. साईक्सनं मोजलं ते राज्यकर्त्यांसाठी. ज्यांची गणती झाली त्या कुणब्या-धनगरांना ॲबर्डीनच्या निवडणुकीत मत नव्हतं. पण आकडे एकदा छापले गेले, की ते छापणाऱ्याच्या मालकीचे राहत नाहीत. पुढच्या पिढीत दादाभाई नौरोजींनी सरकारी अहवालांतलेच आकडे घेतले आणि हिंदुस्थानचं दारिद्र्य पुराव्यानिशी राज्यकर्त्यांच्या पदरात घातलं. १८९२ साली ते स्वतः त्याच पार्लमेंटमध्ये निवडून गेले. राज्य करण्यासाठी गोळा झालेली माहिती राज्याला जाब विचारायच्या कामी आली.

साईक्सच्या याद्यांचंही तसंच आहे. त्या आज आपल्या कामाच्या आहेत, आणि त्यासाठी आपल्याला पुन्हा इंदापूरला यावं लागेल.

साईक्स हिंडत होता त्याच वर्षांत सरकारचा दुसरा एक अधिकारी, प्रिंगल, जमिनीची पाहणी करून शेतसारा ठरवत होता. तो सारा इतका जड निघाला, की इंदापूर भागातले कित्येक शेतकरी जमीन टाकून निजामाच्या हद्दीत निघून गेले. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी इंदापुरातच नव्यानं पाहणी सुरू केली, सारा उतरवला, तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात जी रयतवारी मोजणी पसरली, तिची सुरुवात ही अशी इंदापूरची. त्या मोजणीनं शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे खरंच. पण महसुलाच्या वहीत जमिनीची विभागणी झाली ती दोनच रकान्यांत. नांगराखालची आणि पडीक. पडीक जमीन नांगराखाली आली की सरकारचं यश. माळाला स्वतःचा असा रकाना मिळाला नाही.

म्हणजे बघा, एकाच मुलखाच्या, एकाच काळातल्या दोन वह्या. एका वहीत कळससारख्या गावाचा माळ म्हणजे पडीक, म्हणजे काही नाही. दुसऱ्या वहीत त्याच प्रकारच्या माळावर लांडगा, काळशिपी, खोकड, लावरी, चंडोल, धोबी आणि माळढोक. कारभार चालला तो पहिल्या वहीवर. दुसरी वही लंडनच्या कपाटात राहिली.

त्याचा परिणाम आज दिसतो. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला, बारामती-इंदापूरचं नशीब पालटलं. दुष्काळानं होरपळलेल्या माणसांना पाणी मिळालं, त्याबद्दल कुणीही तक्रार करणार नाही. पण माळ म्हणजे रिकामी जागा, हा समज स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी माळरानाची गणना ओसाड जमिनीत होत आली. कुठं चर खणून गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली, कुठं औद्योगिक वसाहत आली, कुठं मुरूम उपसला गेला. झाड लावणं हे पुण्यकर्म, पण गवताच्या माळावर दाट झाडी झाली, की चिंकाऱ्याला पळायला आणि चंडोलाला घरटं करायला जागा उरत नाही.

माळढोकाचं उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारं आहे. साईक्सच्या काळातच, १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत, मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबानं अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाच्या बंदुकीला जितके मिळाले, त्याहून कितीतरी कमी माळढोक आज सबंध देशात उरले आहेत. शिकार थांबली, कायदा आला, १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं. पण तोवर माळच आक्रसत गेला होता. लांडग्यांचीही स्थिती नाजूक आहे. साऱ्या भारतात तीन हजारांच्या आसपास लांडगे असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुणे जिल्ह्याच्या माळावर तर नवंच संकट आलं आहे. भटक्या कुत्र्यांशी लांडग्यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून दिसून आलं आहे. साईक्सनं ज्याला फिकट पायांचा म्हणून वेगळं ओळखलं, ते रक्तच उद्या पातळ होईल की काय, अशी धास्ती आहे.

अगदीच निराश व्हावं असंही नाही. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झालेलं. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण चिंकारा तिथं आहे. अलीकडे वन विभागानं कडबनवाडी आणि बारामतीकडच्या गाडीखेल भागात माळरान सफारी सुरू केली. गावातल्या तरुणांना वाटाड्याचं काम मिळतं, आणि शहरातली माणसं पैसे देऊन तोच माळ बघायला येतात, ज्याला काल-परवापर्यंत ओसाड म्हणत होते. गावाला जर कळलं, की हा माळ उभाच ठेवला तर त्यातूनही चार पैसे येतात, तर तो राखायला पोलीस लागणार नाहीत.

माळ राखणारा आणखी एक आहे, तो म्हणजे मेंढपाळ. लांडगा त्याची मेंढरं नेतो, आणि तरीही कित्येक धनगरांच्या बोलण्यात लांडग्याबद्दल सूडापेक्षा सोसण्याचाच सूर अधिक असतो. मेंढरू गेलं तर भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. चराईचे डाव ठरवताना त्याला विचारलं पाहिजे. दोनशे वर्षांपूर्वी त्याच्याच कुणा पूर्वजाकडून साहेबानं नावं लिहून घेतली आणि त्याचं नाव मात्र लिहिलं नाही. ती चूक आपण पुन्हा करू नये.

कर्नल साईक्सला मोठा माणूस म्हणावं का, यावर वाद होऊ शकतो. तो जेत्यांच्या फौजेत होता आणि शेवटपर्यंत कंपनीचा माणूस राहिला. पण त्यानं लिहून ठेवलेली वही खरी आहे. पडीक म्हणून जी जमीन आपण कागदावर सोडून देतो, तिच्यावर कोण कोण राहत होतं याचा तो छापील पुरावा आहे, तोही आपल्या भाषेतल्या नावांसकट. गावच्या शाळेनं एकदा ती नावं मुलांकडून लिहून घ्यावीत. काळशिपी, लांडगा, खोकड, लावरी, चंडोल, धोबी. त्यांपैकी आपल्या माळावर आज कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हे आजोबांना विचारून पुढे लिहावं. त्यासाठी ना फौजेत जावं लागतं, ना पार्लमेंटात. एक वही पुरते आणि सकाळी लवकर उठण्याची तयारी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)